गणपतीच्या तोंडावर घरी येणारे पिल्लू : पहिल्या काही दिवसांची तयारी कशी करावी?

सोनचाफा

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या मागे इमारतीचे बांधकाम सुरू आहे आणि तेथील रखवालदाराच्या पत्र्याच्या खोलीशेजारी एक गावठी कुत्री व्यायली आहे. तिच्या पाच पिल्लांपैकी तांबूस रंगाची एक मादी आम्ही घरी आणायचे ठरवले आहे. रखवालदाराच्या हिशोबाने पिल्ले सात आठवड्यांची झाली आहेत. ती अजून आईला पितात, पण तो कालवून देतो तो डाळभातही चाटूनपुसून खातात.

आम्ही पुण्यात कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात आम्ही दोघे, सहा वर्षांची मुलगी आणि सासरे आहेत. सासऱ्यांच्या गुडघ्यांचा त्रास बराच असल्यामुळे ते घरातही काठी घेऊन चालतात, आणि पिल्लू पायात येऊन ते पडतील ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे. त्यातच गणपती दोन आठवड्यांवर आले आहेत. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो आणि त्या दिवसांत घरात पाहुण्यांची सतत ये-जा असते. पिल्लू विसर्जनानंतर आणावे असे मला वाटत होते. परंतु रखवालदार कोकणातला आहे, तो गणपतीला गावी जाणार आणि मग या पिल्लांकडे पाहायला तेथे कोणीच उरणार नाही.

जवळच्या दुकानदाराने मला गादी, पिंजरा, खेळणी, शॅम्पू, दुधाची पावडर, कॅल्शियम अशी भलीमोठी यादी लिहून दिली आहे. यातले खरोखर काय लागते, घरात आधी काय करून ठेवावे आणि पिल्लू कधी आणावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिले तर फार बरे होईल.

वाटाड्या

सोनचाफाताई, आधी तारखेचे पाहू. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. श्वान प्रजनन व विक्रीविषयी केंद्र सरकारने 2017 साली जे नियम केले, त्यांतही आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे. हा नियम विक्रीला लागू असला तरी त्यामागचे कारण तुमच्या पिल्लालाही लागू पडते, कारण दात किती जोराने रुतवले की समोरचा कळवळतो, हे पिल्लू या वयात आपल्या भावंडांशी मस्ती करतानाच शिकते आणि हे शिक्षण अर्धवट राहिले की त्याचे ओरखडे पुढे घरच्यांच्या हातांवर उमटतात. म्हणून आणखी एक आठवडा थांबा आणि मग आणा. गणपतीपूर्वी तिला एक पूर्ण शांत आठवडा मिळेल, आणि तो पुरेसा आहे. प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी मात्र कोणत्याही परिस्थितीत आणू नका.

आता घराविषयी. पिल्लू यायचे म्हणजे सगळे घर त्याच्यासाठी सजवायचे, असा अनेकांचा समज असतो. माझे मत नेमके उलटे आहे. पहिल्या काही दिवसांत घर जितके लहान करता येईल तितके करावे. ज्या जिवाने आजवर पत्र्याच्या आडोशाची चार हात जागा पाहिली, त्याला एकदम आठशे फुटांचा चकचकीत फ्लॅट मोकळा सोडला की ते गांगरते, सोफ्याखाली जाऊन बसते, कोपऱ्याकोपऱ्यात शू करते आणि आपण दिवसभर फडके घेऊन त्याच्यामागे फिरत राहतो. तुम्ही रात्री जेथे झोपता ती एकच खोली तिच्यासाठी ठरवा आणि त्या खोलीच्या दाराला दोन-अडीच फूट उंचीची प्लायवुडची फळी आडवी लावा, म्हणजे दार उघडे राहून तिला माणसे दिसतील, पण ती हॉलमध्ये येणार नाही. सासऱ्यांचा प्रश्न यातच बराचसा सुटतो. पुढे ती घरभर फिरू लागेल तेव्हा गळपट्ट्याला एक घुंगरू बांधा. पायाशी काय आले हे आजोबांना न वाकता कळेल.

त्या खोलीत एकदा गुडघे आणि हात टेकून खरोखर रांगत फिरून पाहा. उभ्या माणसाला न दिसणाऱ्या गोष्टी तेथून दिसतात : पलंगामागे लोंबणारी चार्जरची वायर, कपाटाखाली गेलेले केसांचे रबर, खेळण्यातून निसटलेली बटणाएवढी बॅटरी, टाचणी, आणि वृद्ध माणूस घरात असेल तेथे हमखास सापडणारी, हातातून घरंगळलेली औषधाची गोळी. कपाटातल्या डांबरगोळ्या आणि उंदराचे औषध घरातून काढूनच टाका. बाल्कनीच्या गजांतून पिल्लाचे डोके गेले की अंगही जाते, हे गृहीत धरून खालचे दोन फूट कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीने बंद करा. कुंड्यांमध्ये कण्हेर असेल तर ती शेजाऱ्यांनाही देऊ नका, उपटून टाका, कारण तिचे प्रत्येक अंग विषारी असते. कोरफड, मनी प्लांट आणि शेवंती उंचावर ठेवली तरी चालेल.

हल्लीच्या गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे पाय फाकतात, म्हणून गोणपाट किंवा जुन्या सतरंज्या अंथरा. दुकानदाराच्या यादीतली गादी आणू नका. दात येण्याच्या वयात तिचा कापूस घरभर होईल. टीव्हीच्या किंवा मिक्सरच्या खोक्याची एक बाजू कापून आत जुनी चादर घातली की बिछाना झाला. जड बुडाची स्टीलची दोन भांडी, हलका कापडी गळपट्टा, भरपूर रद्दी आणि गाठ मारलेले सुती फडके चावायला, एवढ्यावर पहिला आठवडा सहज निघतो. शॅम्पू तर मुळीच नको. पिल्लू मळके दिसले तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करा.

शी-शूची एकच जागा ठरवा. ड्राय बाल्कनी किंवा न्हाणीघराचा कोपरा चालेल. तेथे रद्दी पसरा आणि झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी तिला उचलून तेथे नेऊन ठेवा. काम झाले की त्याच क्षणी कौतुक करा. दोन महिन्यांच्या पिल्लाला धरून ठेवणे जमतच नाही, त्यामुळे चुकीच्या जागी केल्याबद्दल रागावणे किंवा नाक घासणे यातून ते एवढेच शिकते की या माणसांच्या देखत शू करायची नाही. आणि मग ते सोफ्यामागे जाते.

गोठा ते दवाखाना

मी पशुवैद्य आहे. वाटाड्या यांच्याशी सहमत आहे, म्हणून फक्त आरोग्याविषयी लिहितो.

पिल्लू घरी येण्याची वाट न पाहता एखाद्या पशुवैद्याला याच आठवड्यात त्या बांधकामावर घेऊन जा आणि पाचही पिल्लांना जंताचे औषध व पहिली लस देऊन घ्या. पिल्लाला गोलकृमी बहुधा आईच्या पोटातच लागतात आणि दुधातूनही मिळतात. डाळभात खाऊन पोट टम्म दिसते पण पाठीचे मणके हाताला लागतात, ते याचमुळे. हे जंत लहान मुलांनाही होऊ शकतात, तेव्हा पिल्लाला हाताळल्यानंतर जेवणाआधी हात धुण्याची शिस्त मुलीला पहिल्या दिवसापासून लावा. जंताचे औषध साधारण तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा द्यावे लागते.

लसीच्या बाबतीत लोकांची एक गफलत नेहमी होते. एक इंजेक्शन झाले की पिल्लू सुरक्षित झाले असे समजून ते त्याला सोसायटीच्या बागेत सोडतात. वास्तविक आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात काही आठवडे टिकते आणि तीच लसीला निष्प्रभ करू शकते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते, म्हणून पार्व्हो, डिस्टेंपर आदी जीवघेण्या विषाणुजन्य आजारांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा देत राहावी लागते. ती मालिका पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर, बागेत किंवा दवाखान्याच्या फरशीवरही खाली ठेवू नका. टॉवेल घातलेल्या टोपलीत न्या आणि टोपलीतच ठेवा. याचा अर्थ तिला घरात कोंडून ठेवा असा नाही. जगाची ओळख करून घेण्याचे तिचे वय साधारण चौदा आठवड्यांपर्यंतच असते, तेव्हा कडेवर घेऊन रिक्षा, सायकल, भाजीवाल्याची हाळी, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसे हे सगळे तिला दाखवत राहा.

पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि आपल्या चपलांना चिकटून दुसऱ्या मजल्यावरही येतो. त्यामुळे चपला दाराबाहेर ठेवा. रोजचे फिनेल या विषाणूवर चालत नाही, शिवाय ओल्या फरशीवरचे फिनेल पिल्लू पाय चाटताना पोटात घेते. एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून फरशी पुसावी, दहा मिनिटे ओली ठेवावी, मग साध्या पाण्याने पुसून कोरडी झाल्यावरच पिल्लाला तेथे सोडावे. ब्लीचमध्ये शौचालय साफ करण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

पार्व्होचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तीन ते सात दिवस जातात. म्हणजे बांधकामावर लागलेला आजार तुमच्या घरी पहिल्या आठवड्यात दिसू शकतो. एकदा पातळ शी झाली पण पिल्लू हुंदडते आहे, खाते आहे, तर घाबरू नका. उलट्या, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित जुलाब आणि अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका. माणसांची तापाची किंवा दुखण्याची कोणतीही गोळी देऊ नका. पावसाळ्यात लेप्टोचाही (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका असतो, आणि बांधकामावर उंदीर व साचलेले पाणी दोन्ही असल्यामुळे त्या लसीविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारा.

शेवटचा मुद्दा रेबीजचा आहे आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. तोपर्यंत या पिल्लाचे दात किंवा नखे लागून कोणाच्याही कातडीवर ओरखडा उठला, तर ‘एवढेसे तर पिल्लू आहे’ असे म्हणून सोडून देऊ नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्या पाहण्यात असे येते की मुले हे लपवतात, कारण सांगितले तर पिल्लाला परत पाठवतील अशी त्यांना भीती वाटते. मुलीला आधीच स्पष्ट सांगा की दात लागला तर लगेच सांगायचे, कोणीही रागावणार नाही आणि पिल्लू कोठेही जाणार नाही.

नानाकाका

डॉक्टरांनी उत्तम लिहिले आहे. फक्त खाण्याविषयी आजकाल जे स्तोम माजवले जाते ते मला पटत नाही. आमच्या गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्री दूध-भाकरीवर वाढली, राखणीला तगडी होती, आणि कोणी पाकिटातले खाणे पाहिलेही नव्हते. या पिल्लाला दूध-पोळी का देऊ नये, हे कोणी समजावून सांगेल काय?

गोठा ते दवाखाना

नाना, गावाकडचे कुत्रे भाकरीवर वाढले हे खरे, पण त्याबरोबर ते उंदीर, अंडी, मेलेले ढोर असे जे मिळेल ते खात होते आणि त्यांतली किती पिल्ले वर्ष पाहत होती याचा हिशोब कोणी ठेवत नव्हते. फ्लॅटमधल्या पिल्लाला आपण देऊ तेवढेच मिळते. गाई-म्हशीच्या दुधातली साखर अनेक पिल्लांना पचत नाही आणि जुलाब सुरू होतात. मग हा जुलाब दुधाचा की पार्व्होचा, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांपुढे येऊन पडतो. त्यापेक्षा दही बरे सोसते.

पहिले तीन-चार दिवस रखवालदार देतो तोच डाळभात मऊ करून द्या, कारण जागा आणि खाणे एकाच दिवशी बदलले की पोट बिघडते. त्यानंतर आठवडाभरात हळूहळू त्यात उकडलेले अंडे, हाडे काढलेली शिजवलेली कोंबडी किंवा कोमट पाण्यात भिजवलेले पिल्लांसाठीचे तयार खाणे वाढवत न्या. दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. फोडणीची डाळ चालणार नाही, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. शिजवलेली हाडे तुटून आतड्यात रुततात. दुकानदाराच्या यादीतली दुधाची पावडर घन आहार घेणाऱ्या पिल्लाला लागत नाही, आणि कॅल्शियम डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज सुरू करू नये. ते जास्त झाले तरी हाडांचे नुकसानच होते.

नानाकाका

हिशोबाचे बोललात ते खरे. आठातली दोन-तीनच उरत असत.

ढोलवाली

मी पथकात वाजवते आणि घरी कुत्राही आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहू शकते. ढोलाचा आवाज कानांना जितका लागतो तितकाच फरशीतून पायांना जाणवतो, आणि पिल्लू त्यानेच अधिक बिथरते. ती घरी आल्यापासून रोज तिच्या जेवणाच्या वेळी मोबाइलवर ढोल-ताशा आणि आरतीचे टाळ अगदी हळू आवाजात लावा. ती खात राहिली तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवा. खाणे थांबवून कान पाडले तर लगेच कमी करा. प्रत्यक्ष आरतीच्या वेळी तिला आतल्या खोलीत, पंखा आणि रेडिओ लावून, घरातल्या एका माणसासोबत ठेवा. विसर्जन मिरवणूक दाखवायला तिला कडेवर घेऊन जाण्याचा मोह मुलीला नक्की होईल आणि तो तुम्हाला मोडून काढावा लागेल. डॉक्टरांनी सांगितलेली जगाची ओळख निराळी आणि लक्ष्मी रस्ता निराळा.

गणपतीच्या सामानातही बरेच काही जपण्यासारखे असते. पंचखाद्यात आणि शिऱ्यात मनुका किंवा बेदाणे असतात. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे होईल याचा नेम नसतो. प्रसाद वाटताना सांडलेला प्रत्येक दाणा उचलावा लागतो, म्हणून प्रसाद शक्यतो टेबलावर बसूनच खायचा असा नियम करा. कापराची वडी पोटात गेली तर झटके येऊ शकतात. तुपात भिजवलेल्या फुलवाती पिल्लाला खाऊच वाटतात आणि त्यांच्या वासाने ती थेट निरांजनापर्यंत जाईल. शेवंतीचे हार आणि निर्माल्याची पिशवी जमिनीवर ठेवू नका, आणि दिव्यांच्या माळांच्या वायरी वरूनच फिरवा.

पाहुण्यांच्या बाबतीत थोडे वाईटपणा घेणे आवश्यक आहे. दर्शनाला आलेले प्रत्येक मूल पिल्लू पाहायला मागेल आणि हातोहात फिरवेल. या वयाचे पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपते, आणि झोपमोड झालेले पिल्लू चिडून चावते. फळीपलीकडून पाहायचे, उचलायचे नाही, असे सरळ सांगावे. मी तर दारावर ‘बाळ झोपले आहे’ अशी पाटी लावली होती. मोठी माणसे हसली, पण हळू बोलू लागली.

सोनचाफा

सर्वांचे मनापासून आभार. फळी, जाळी आणि गोणपाट यांची व्यवस्था आज करते. पशुवैद्य येत्या रविवारी बांधकामावर येऊन पाचही पिल्लांना पाहणार आहेत. दोन शंका उरल्या आहेत. पिल्लू रात्री रडले तर खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करतील आणि कार्यकारिणीतले एक सभासद ‘सोसायटीत कुत्रे चालत नाही’ असे आत्ताच ऐकवून गेले आहेत. दुसरे म्हणजे, काही जण म्हणतात की रडले तरी लक्ष देऊ नये, नाहीतर सवय लागते. हे कितपत खरे आहे?

वाटाड्या

कार्यकारिणीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. वाद घालण्यापेक्षा रेबीजची लस झाल्यावर महापालिकेचा परवाना काढा आणि त्याची प्रत कार्यालयात देऊन ठेवा. खालच्या काकांना मात्र आधी जाऊन भेटा आणि पहिल्या काही रात्री आवाज होईल हे स्वतःहून सांगा. आपल्याला आधी विचारले, एवढ्यावर पुण्यातला माणूस बरेच सहन करतो.

सवय लागण्याची भीती पहिल्या रात्रींना लागू नाही. जन्मापासून भावंडांच्या ढिगात झोपलेले पिल्लू एकटे पडले की ओरडणारच, आणि ते खोडीने रडत नसते. तिचे खोके तुमच्या पलंगाला लागून, हात खाली सोडला तर तिला लागेल असे ठेवा. आणण्याच्या दोन दिवस आधी एक जुना पंचा रखवालदाराकडे द्या आणि तो आई व पिल्ले झोपतात तेथे अंथरायला सांगा. तोच न धुता खोक्यात घाला. रात्री ती कुरकुरली तर आधी रद्दीवर नेऊन आणा, न बोलता, दिवा न लावता, आणि परत खोक्यात ठेवा. न खेळता ठेवले की रात्री उठण्यात काही मजा नाही हे तिला कळते. आणायचे ते सकाळी आणा, संध्याकाळी नको, म्हणजे पहिल्या रात्रीपूर्वी खोलीचा वास ओळखायला तिला अख्खा दिवस मिळेल.

सोनचाफा

पंचा आजच नेऊन देते. आईचे काय करावे, हे मात्र कोणी लिहिले नाही. पिल्ले एकेक करून गेली की ती तेथेच राहणार आहे.

गोठा ते दवाखाना

बरे झाले विचारलेत. पाजणाऱ्या कुत्रीवर नसबंदीची शस्त्रक्रिया करत नाहीत; पिल्ले तुटून दूध पूर्ण आटले की मग करता येते. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण ही 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, तेव्हा महापालिकेकडे तिची नोंद आत्ताच करून ठेवा आणि शस्त्रक्रियेनंतर तिला याच जागी परत आणून सोडतील याची खात्री करून घ्या. तिच्या रेबीजच्या लसीला मात्र थांबायचे कारण नाही. रविवारी येणाऱ्या डॉक्टरांना तीही लस सोबत आणायला सांगा. रखवालदार गावी असेल त्या दिवसांत तिला आणि उरलेल्या पिल्लांना दोन वेळचे कोण घालणार, हे तो निघण्यापूर्वी ठरवा, नाहीतर भुकेली आई पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडू लागेल.